शनिवारी कुठं जायचं?

संमेलनाचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले पाहुणे, कृषी विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील प्राध्यापक, नऊही तालुक्यांतून आलेले विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत जरा संकोचून बसलेले पालकहो,

स्वागताध्यक्ष कोणाला करतात हे आपल्याला ठाऊक आहेच. मंडपवाला ज्याच्या नावावर उधारी देतो, त्याला. संमेलन संगणकवाल्यांचं असलं, तरी संगणकाशी माझा संबंध एवढाच, की स्टेशन रोडला माझं विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत प्रशिक्षण केंद्र. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली आणि माउस हातात धरायला घाबरणारी लेकरं जिंतूर, पालम, सोनपेठहून यायला लागली. त्यातली कित्येक आज हिंजवडी, बाणेर, खराडीच्या काचेच्या इमारतींत बसतात. काही आज समोरही बसली आहेत. त्यांनी भाषण संपेपर्यंत मोबाइल खिशात ठेवावा, ही जुन्या सरांची विनंती.

परभणीत आपलं मनापासून स्वागत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आमच्याबद्दल म्हणतात आणि आम्हीच ते सगळ्यांत जोरात सांगतो. पण भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘परभणी क्रांती’ विचारा आणि ज्वारीवाल्याला ‘परभणी मोती’. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठानं या गावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवर छापून देशभर नेलं. संमेलनही आम्हाला नवं नाही. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं होतं. आजचा मेळा त्या मानानं लहान आहे, पण जेवणात कमी पडणार नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. दरवर्षी जून-जुलैत इथून पोरं पुण्याला जातात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतात, पहाटे वाघोलीला उतरतात. रूम कुठं मिळेल, मेस कोणती स्वस्त, क्लास कोणता लावायचा, कोणत्या कंपनीत ओळखीचं कोण आहे, हे सगळं जाण्याआधी फोनवर ठरलेलं असतं. पण शनिवारी कुठं जायचं, हे त्यांना कोणी सांगत नाही. मग शनिवार कपडे धुण्यात आणि रविवार झोपण्यात जातो. दोन-तीन वर्षं पुण्यात काढून पोरगं परत येतं, तेव्हा त्याच्या ओळखीची माणसं म्हणजे रूममधली चार परभणीकर आणि क्लासचे सर. एवढ्या मोठ्या शहरात राहून जे घ्यायचं ते घेतलंच नाही, असं मला वाटतं.

पुण्यात जे घेण्यासारखं आहे, ते बहुतेक फुकट आहे. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसची संगणक संस्था आहे, एसआयसीएसआर. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या बैठका तिथं भरत आल्या. मुक्त सॉफ्टवेअरचा ‘ग्नूनिफाय’ हा मेळा २००३ पासून अनेक वर्षं तिथंच झाला. ‘बारकॅम्प’ही पुण्यात भरले. बारकॅम्पला आधी ठरलेले वक्ते नसतात. ज्याला बोलायचं आहे त्यानं सकाळी भिंतीवरच्या तक्त्यात आपला विषय चिकटवायचा आणि ज्याला ऐकायचं आहे त्यानं त्या खोलीत जाऊन बसायचं. ऐकताना कंटाळा आला तर उठून दुसऱ्या खोलीत गेलं तरी कोणी वाईट मानत नाही. आमच्याकडच्या सत्कार-समारंभांनी ही एक गोष्ट उचलावी, असं मी समितीच्या बैठकीत सुचवलं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

पुढं २००८ साली नवीन काब्रा आणि अमित परांजपे यांनी ‘पुणेटेक’ हे संकेतस्थळ सुरू केलं. शहरात तंत्रज्ञानाचं कुठं काय चाललंय, याची खबर एका जागी मिळू लागली. पायथॉनवाल्यांचा गट आहे, गूगलच्या साधनांवर काम करणाऱ्यांचा आहे, वर्डप्रेसवाल्यांचा आहे, डेटावाल्यांचा, सुरक्षेवाल्यांचा, स्टार्टअपवाल्यांचा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘पायकॉन पुणे’ झालं. त्यात दोन दिवस भाषणं होती आणि पुढचे दोन दिवस डेव्हस्प्रिंट. म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची देखभाल करणारा माणूस तुमच्या शेजारी बसणार आणि त्याच सॉफ्टवेअरमधली एखादी लहानशी चूक तुमच्या हातून दुरुस्त करून घेणार. लाखभर रुपये फी घेणारा क्लास हे देत नाही, देऊ शकत नाही.

मात्र तिथं जाण्याची भीती वाटते, आणि ती मला समजते. बैठक बहुधा एखाद्या कंपनीत असते, आणि कंपनीचं गेट आलं की आमचं पोरगं तिथंच निम्मं गार होतं. सिक्युरिटीवाला रजिस्टर पुढं सरकवतो. नाव, मोबाइल, लॅपटॉपचा सिरियल नंबर, इथवर ठीक. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्याशी पेन अडतं. तिथं त्या गटाचं नाव लिहायचं असतं, बस. आधी नाव नोंदवलेलं असावं आणि ओळखपत्र जवळ असावं. मग गळ्यात पाहुण्याचा पास, लिफ्ट, आणि वर कँटीनमध्ये ओळीनं मांडलेल्या खुर्च्या. वक्त्याचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला जात नसतो. ‘एचडीएमआयचा अडॅप्टर आहे का कोणाकडे?’ अशी हाक येते. ज्याच्या बॅगेत तो निघतो, त्याची त्या दिवशी सगळ्यांशी ओळख होते. आमच्या दुकानात तो मिळतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

भाषण इंग्रजीत असतं. पहिल्या खेपेला त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. जाऊ द्यावं. भजनी मंडळात नवा माणूस आधी मागं बसून टाळ धरतो आणि चाल कानात बसली की मग तोंड उघडतो, तसंच हे आहे. खरं शिक्षण भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाशी होतं. तिथं सगळे निम्मे मराठीत, निम्मे हिंदीत बोलत असतात. तिथून पळू नये. ‘मी परभणीचा, सध्या हे शिकतोय, इथं अडलोय’ एवढी तीन वाक्यं पाठ करून जावीत. कॉलेज कोणतं, टक्के किती, हे त्या टेबलावर सहसा कोणी विचारत नाही. काय बनवलंस, हे विचारतात. पुढच्या महिन्यात पुन्हा जावं. पहिल्यांदा आलेला चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही, तिसऱ्यांदा आलेल्याला लोक खुर्ची धरून ठेवतात.

गट शोधायचा कसा, हे मुलं विचारतात. ज्या साधनावर काम करता त्याचं नाव आणि शहराचं नाव जोडून शोधलं की गटांची यादी पुढं येते. पण यादी फसवी असते. कित्येक गट नुसते नावाला उरलेले असतात. शेवटची बैठक कधी झाली ते बघावं. एका खऱ्या बैठकीला गेलात की बाकीच्यांचा पत्ता तिथंच लागतो, कारण हीच माणसं फिरून फिरून सगळीकडे भेटतात. आणि खोटं ओळखायलाही शिकावं. मीटअपच्या नावाखाली कोर्स विकणारे आहेत, गुंतवणुकीची स्वप्नं दाखवणारे आहेत. आल्या आल्या फोन नंबर मागितला आणि निघताना फीचा तक्ता हातात ठेवला, तर समजावं की आपण बैठकीला नाही, दुकानात आलो होतो. मी स्वतः दुकानदार आहे, मला हा फरक कळतो.

अशा बैठकांची कल्पना काही नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एरवी तोंड फिरवणारे शेजारी एकमेकांशी बोलू लागले. ते पाहून स्कॉट हायफरमन यांनी २००२ साली साथीदारांसह ‘मीटअप’ ही कंपनी काढली, एकाच शहरातल्या अनोळखी माणसांना समोरासमोर आणणारी. त्याच्याही कितीतरी आधी, ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये हौशी लोकांचा ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ पहिल्यांदा भरला. त्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्नियॅक होते. अॅपलचा पहिला संगणक त्यांनी पुढं याच मंडळींना दाखवला.

पण मला कॅलिफोर्नियापेक्षा जवळची वाटते ती दुर्गापूरची गोष्ट. पश्चिम बंगालमधलं ते पोलाद कारखान्याचं गाव. तिथं कुशल दास आणि त्यांच्या मित्रांनी लिनक्सचा गट काढला. २००८ पासून त्यांनी उन्हाळी प्रशिक्षण सुरू केलं, तेही ऑनलाइन, आणि फक्त टाइप केलेल्या मजकुरातून. व्हिडिओ नाही, फी नाही. नेट कसंही असलं तरी चालेल. प्रश्न विचारण्याआधी हात वर करण्याऐवजी एक चिन्ह टाइप करायचं, अशी शिस्त. त्यातून देशभरातली मुलं मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला लागली. कुशल दास पुढं पुण्यात रेड हॅटमध्ये काम करत होते, पायथॉनच्या मूळ विकासकांतही त्यांचं नाव लागलं. मघाशी ज्या पायकॉन पुणेचा उल्लेख केला, त्याच्या आयोजनात या दुर्गापूरच्या मंडळींचा हात होता. पोलादाच्या गावाला जमतं, तर ज्वारीच्या गावाला जमायला हरकत नसावी.

एकत्र जमण्याबद्दलची आपल्या भागातली एक गोष्ट इथल्या तरुणांना माहीत असायला हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि तिथं चार माणसांनी सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावानं तो हुकूम कुप्रसिद्ध होता. तेव्हाच्या लोकांनी वाचनालयं काढली, गणेशोत्सव, व्याख्यानं भरवली. परभणीचं गणेश वाचनालय त्याच परंपरेतलं. पुस्तक बदलायला म्हणून यायचं आणि बोलायचं ते बोलून जायचं. आज अशा बैठकीला परवानगी लागत नाही, वायफाय आहे, आणि तरी आपली पोरं एकेकटी मोबाइलमध्ये शिकतात. याला दोष मी पोरांना देत नाही. त्यांना बसायला जागा आपण दिली नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा शनिवारी दुपारनंतर कुलूपबंद असतात. प्राचार्य समोर आहेत, म्हणून मुद्दाम बोललो.

पालकांना एकच सांगणं. मुलगी पुण्यात शनिवारी सकाळी ‘मीटअपला चालले’ म्हणाली, तर तिला उलटतपासणी न घेता जाऊ द्या. भाऊ बरोबर पाठवायचा असेल तर पाठवा, त्यालाही दोन गोष्टी कळतील. आणि सगळं हिंजवडीतच असतं असं नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे हव्या त्या वस्तू घडवण्याची कार्यशाळा, त्या खेड्यात उभी राहिली. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं आणि खेड्यापाड्यांतली पोरं आपले प्रयोग घेऊन येतात. हाताला वेल्डिंगचा वास असलेल्या मुलाला तिथं जास्त करमेल.

पाहुण्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. स्वागताध्यक्षानं पाहुण्यांकडं मागणं बरं दिसत नाही, पण वर्गणी मागून मागून माझी भीड चेपली आहे. तुमच्या बैठका कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घेऊ नका. साडेनऊला हॉस्टेलचं गेट बंद होतं आणि आमच्या मुली अर्ध्यातून उठतात. शनिवारी सकाळी घ्या. दर बैठकीत एक भाषण मराठीत ठेवा. श्रोत्यांतले निम्मे मराठी असताना वक्त्यानं आणि श्रोत्यानं एकमेकांना इंग्रजीत छळण्यात काय अर्थ आहे? नव्या माणसाला पाच मिनिटं बोलायला द्या, मग तो अडखळला तरी चालेल.

आणि परभणीला पुन्हा या. विद्यापीठात ड्रोन, रोबोट आणि स्वयंचलित यंत्रांच्या डिजिटल शेतीवर काम झालेलं आहे. ते शिवारात उभं राहून बघा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत कोणत्या दिवशी पोचेल, हे त्याला आदल्या दिवशी मोबाइलवर मराठीत कळावं, एवढं एक काम तुम्ही आणि आमची मुलं मिळून करा. तुमच्याकडे कौशल्य आहे, आमच्याकडे प्रश्न आहेत. प्रश्नांची टंचाई इथं कधीच नव्हती.

आता व्यवस्थेचं. जेवण दीडला, बाजूच्या मंडपात. दुपारच्या चहानंतर मागच्या सभागृहात टेबलं मांडली आहेत, तिथं भाषण नाही, हारतुरे नाहीत. ज्याला जे अडलंय ते घेऊन बसायचं. भिंतीवर एक कोरा तक्ता लावला आहे. परभणीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक घ्यायची आमची तयारी आहे, जागा माझ्या दुकानावरची. ज्यांना यायचं आहे त्यांनी त्या तक्त्यावर नाव, गाव आणि विषय लिहूनच घरी जावं. आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करावं.