अभ्यास, घर आणि दहा टक्के खाटा



अभ्यास, घर आणि चळवळ तू कशी सांभाळतेस, यावर बोल असं मला सांगितलंय. खरं सांगायचं तर मी एकटी सांभाळत नाही. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री पुस्तकं. अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी घरी पिको-फॉल करते. माझ्याकडे उरते रविवारची दुपार. म्हणून एकच काम धरलं: धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आपल्या राज्यात ही योजना लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून घ्यायचं. निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही. ही मेहेरबानी नव्हे, या संस्थांना ट्रस्ट म्हणून ज्या सवलती मिळतात त्यांची ती परतफेड आहे.

आमच्या गल्लीतल्या एका खालांच्या नवऱ्याला लकवा झाला. काउंटरवर पन्नास हजार भरा म्हणाले. खालांनी बांगड्या गहाण टाकल्या. नवरा वाचला, बांगड्या सुटल्या नाहीत. योजनेचा फलक तिथे होता, पण लिफ्टच्या मागे. आणि फलक समोर असता तरी खालांना मराठी वाचता येत नाही, आणि काउंटरवरच्या माणसाने तोंडाने सांगितलं नाही.

फलक दिसला तरी पुढे कागद आडवे येतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. भाड्याने राहणाऱ्यांकडे रेशनकार्ड गावचं असतं. बाईचं नाव आधारवर माहेरचं, रेशनवर सासरचं. दाखल्यासाठी तहसीलला खेपा घालाव्या लागतात, आणि मेंदूतली गुठळी तेवढे दिवस थांबत नाही, हे मला पुस्तकानेच शिकवलंय. म्हणून आम्ही पाच-सहा विद्यार्थी रविवारी वस्तीत टेबल टाकतो आणि माणूस आजारी पडायच्या आधीच कागद नीट करून ठेवतो. कुणाला हे कारकुनी काम वाटेल. वाटू दे!

धर्मादाय आयुक्तांकडे आमच्या मागण्याही गेल्या आहेत. रिकाम्या राखीव खाटांचा आकडा रोज दारात लागला पाहिजे. रात्रीच्या पाळीतही वैद्यकीय समाजसेवक हवा, कारण गरीब माणूस दुखणं अंगावर काढतो आणि बऱ्याचदा रात्रीच येतो.

अम्मीला भीती वाटते. "कॉलेजवाले नाराज झाले तर? इतनी मेहनत से पढ़ाया।" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. घरातली मी पहिली डॉक्टर होणार आहे, माझं एक वर्ष गेलं तर शिलाई मशीन अजून एक वर्ष चालणार. म्हणून आमचं ठरलंय: परीक्षेआधी दोन महिने टेबल नाही, मोर्चा नाही. आणि रविवारचा स्वयंपाक भाईकडे. सुधारणेसाठी मी बाहेर पडायचं आणि माझं काम अम्मीने दुप्पट करायचं, हे मला मान्य नव्हतं. भाईची खिचडी आता खाण्याजोगी होते.

"आपल्या लोकांसाठीच करा ना," असंही सुचवलं जातं. पण टेबलासमोर शेख, कांबळे, पवार एकाच रांगेत असतात, आणि सगळ्यांच्या रेशनकार्डावर नाव चुकलेलंच असतं.

माझी परीक्षा जवळ आलीये. पुढचे दोन महिने दुसऱ्या वर्षाच्या दोघी टेबल सांभाळतील. त्यांना उर्दू आणि दखनी बोलणारं, फॉर्म मराठीत भरू शकणारं कुणीतरी हवं आहे. रविवारी दोन ते पाच. जमणार असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, मी नावं लिहून घेते.