मूल होत नाही, तर दोघांनी जा

लग्नाला दोन-चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, की सुनेला बोल लावतात. अंगारे-धुपारे होतात. दुसऱ्या लग्नाची बोलणी निघतात. नवऱ्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही. ती तर सोपी. वीर्य तपासायचे, सुई नाही, टोचणी नाही. दोष पुरुषातही असतो, असे आम्ही सांगतो तेव्हा काही मंडळी उठून जातात. जावोत बापडी!

कृत्रिम रेतन म्हटले, की तुम्हांला गाय आठवते. माणसांतही हा उपाय आहे. डॉक्टर त्याला आययूआय म्हणतात. नवऱ्याचे वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्रजंतू निवडतात. बाईचे बीज सुटते, त्या सुमारास बारीक नळीने ते गर्भाशयात सोडतात. कापाकापी नाही. थोडे पडायचे, नि घरी यायचे. पण बाईच्या गर्भनलिका बंद असतील, तर हा उपाय फुकट. शिवाय एका खेपेस शंभरांत साधारण १०-१५ जणींनाच दिवस जातात. हमी देणारा भेटला, तर त्याच्यापासून चार हात दूरच राहा.

नवऱ्याच्या वीर्यात शुक्रजंतूच नसतील, तर दात्याचे वीर्य घेता येते. २०२१ च्या कायद्याने ते नोंदलेल्या पेढीतूनच यावे लागते आणि नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते. मूल कायद्याने त्या दोघांचेच.

वर्षभर दिवस राहिले नाहीत, तर दवाखाना गाठा. बाई पस्तिशीपुढची असेल, तर सहाच महिने थांबा. वीर्यतपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध ठेवू नये. जुने कागद बरोबर न्या.