स्तंभावरची नावे आणि बंद झालेली भरती
(विहारात झालेल्या भाषणावरून)



आपल्या बुधवार पेठेतून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. कोरेगावचा स्तंभ मात्र तीस किलोमीटरवर भीमेच्या काठी. १ जानेवारीला आपण तिथं जातो, मानवंदना देतो. येताना पोरं विचारतात, "स्तंभावरची ‘नाक’वाली नावं कुणाची?" त्या काळी महारांच्या नावापुढं ‘नाक’ लागे. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांपैकी अशी बावीस नावं तिथं कोरलेली आहेत.

दुसरा प्रश्न : पलटणीत फक्त महारच होते का? नाही. मराठे, रजपूत, मुसलमानही होते. पेशव्यांकडं अरब आणि गोसावी लढले. हे पोरांना खरं तेच सांगावं, त्यानं आपल्या माणसांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. आणि लढणं कंपनीनं शिकवलं असंही नाही. शिवकाळात गडांच्या घेऱ्यात पहाऱ्याला महार-रामोशी होतेच.

खरा अवघड प्रश्न तिसरा. एवढं रक्त सांडल्यावर इंग्रजांनी काय दिलं? १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली! म्हणे ‘लढाऊ जाती’ वेगळ्या असतात. अहो, सत्तरेक वर्षांपूर्वी स्तंभ उभारला तेव्हा हे ठाऊक नव्हतं काय?

नुसती बंदूक गेली असती तर एवढं बिघडलं नसतं. पलटणीत पगार होता, पेन्शन होती आणि मुख्य म्हणजे शाळा होती. गावची शाळा आपल्याला दारात उभं करीत नव्हती, तेव्हा पलटणीतल्या शाळेत सैनिकांची मुलं-मुली शिकत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेचे मुख्याध्यापक होते. भरती थांबली आणि पुढच्या पिढीची पाटी-पेन्सिल गेली.

म्हणून आपली माणसं गप्प बसली नाहीत. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज तयार केला. आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायत सरकारकडं मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तशी १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरलं, काही वर्षांत तीही मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले, तेव्हा ही भरती बंदच होती. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.