दोन काळांतील काल्पनिक सामना



निरनिराळ्या काळांत होऊन गेलेले खेळाडू कल्पनेच्या मैदानावर एकत्र आणावेत आणि त्यांची झुंज लावून द्यावी, हा क्रीडाप्रेमींचा जुना छंद आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये असा एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत बोस्टन सेल्टिक्स संघाबरोबर अकरा अजिंक्यपदे मिळविणारा बिल रसेल आणि १९९१ ते १९९८ या काळात शिकागो बुल्सबरोबर सहा अजिंक्यपदे मिळविणारा मायकेल जॉर्डन यांचे संघ समोरासमोर उभे ठाकले असते, तर विजय कोणाचा झाला असता? हा प्रश्न पोरकट आहे असे मी मानत नाही. मात्र निकाल देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत : सामन्याचे नियम, गुणांची वही आणि मैदानाचा दरवाजा.

प्रथम नियम. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. बास्केटची दहा फुटांची उंची तेवढी आजतागायत कायम आहे. बाकी बहुतेक सारे पालटले. चेंडू आपल्याकडे राखून वेळ काढण्याची युक्ती पूर्वी इतकी बोकाळली होती, की १९५० साली एक व्यावसायिक सामना अवघ्या १९ विरुद्ध १८ गुणांनी संपला. म्हणून १९५४ मध्ये चोवीस सेकंदांच्या आत चेंडू बास्केटकडे फेकण्याचे बंधन आले. बास्केटखालच्या ज्या पट्ट्यात चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही, तो पट्टा १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट आणि १९६४ मध्ये सोळा फूट रुंद झाला. दुरून केलेल्या फेकीला तीन गुण देणारी रेषा या व्यावसायिक संघटनेने १९७९ मध्ये स्वीकारली. रसेल तेव्हा निवृत्त होऊन दहा वर्षे लोटली होती. जॉर्डनच्या कारकिर्दीतही नियम स्थिर नव्हते. १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत तीन गुणांची रेषा बास्केटच्या जवळ आणण्यात आली होती आणि पुढे ती पुन्हा मागे नेण्यात आली.

तेव्हा आपला काल्पनिक सामना रसेलच्या नियमांनी खेळवावयाचा, की जॉर्डनच्या? पहिल्या पक्षी शिकागोच्या लांबच्या फेकींना दोनच गुण मिळतील आणि चेंडूखाली तळहात घालून तो वळविण्याच्या शैलीवर पंचांची शिटी वारंवार वाजेल. दुसऱ्या पक्षी बोस्टनच्या खेळाडूंना त्यांनी कधी न पाहिलेल्या एका रेषेचे रक्षण करावे लागेल. ज्याच्या नियमांनी सामना खेळला जाईल त्याचे पारडे जड राहील, असे माझे अनुमान आहे.

आता वहीकडे वळू. रसेलचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याने १९६१-६२ च्या हंगामात दर सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी तर त्याने एकाच सामन्यात शंभर गुणांची नोंद केली. जॉर्डनची सर्वोत्तम सरासरी १९८६-८७ मधील, ती ३७.१ आहे. एवढ्यावरून चेंबरलेन मोठा ठरविणे हा उतावीळपणा होईल. त्या काळी प्रत्येक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा चेंडू बास्केटकडे फेकी. नव्वदच्या दशकात हे प्रमाण ऐंशीच्या आसपास आले. परंतु चेंबरलेनला लाभलेली संधी त्याच्या समकालीनांनाही लाभली होती, आणि त्यांच्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूची सरासरी ३१.६ होती. जॉर्डनच्या त्या हंगामात दुसऱ्या क्रमांकावरचा खेळाडू २९ गुणांपाशी थांबला. खेळाडू आपल्या सोबत्यांच्या किती पुढे गेला, हा माप घेण्याचा अधिक न्याय्य मार्ग आहे.

हे मापही रसेलच्या बाबतीत लंगडे पडते. बास्केटकडे निघालेला चेंडू मध्येच अडवून तो हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळविणे ही त्याची खरी कला. अडविलेल्या फेकींची अधिकृत मोजणी मात्र १९७३-७४ पासून सुरू झाली. अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पारितोषिक १९६९ मध्ये, म्हणजे रसेलच्या अखेरच्या हंगामात, प्रथम देण्यात आले आणि ते पराभूत संघाच्या जेरी वेस्टला मिळाले. जॉर्डनच्या नावावर अशी सहा पारितोषिके आहेत. रसेलच्या नावावर एकही नाही. २००९ मध्ये त्या पारितोषिकालाच रसेलचे नाव देण्यात आले, ही वहीने उशिरा केलेली दुरुस्ती म्हणावी लागेल.

एखाद्याचे कर्तृत्व वहीत न नोंदले जाणे हा एक अन्याय. त्याला मैदानातच येऊ न देणे हा त्याहून मोठा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सहा फूट दहा इंच उंचीच्या जॉर्ज मायकनचा मिनिआपोलिस लेकर्स हा संघ बलाढ्य समजला जाई. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागो स्टेडियममध्ये या संघाची गाठ हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाशी पडली. बड्या व्यावसायिक संघांचे दरवाजे त्या काळी कृष्णवर्णीयांना जवळजवळ बंद होते, आणि त्यांच्या सामर्थ्याविषयीचा वाद तर्कावरच चाले. त्या रात्री अखेरच्या क्षणी दुरून टाकलेल्या एका फेकीने ग्लोबट्रॉटर्सनी ६१ विरुद्ध ५९ असा विजय मिळविला. पुढे १९५० मध्ये चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड यांना राष्ट्रीय व्यावसायिक संघटनेत प्रवेश मिळाला. जॉर्डनने आपली पहिली तीन अजिंक्यपदे मिळविली, तेव्हा बुल्सचे घरचे मैदान हेच शिकागो स्टेडियम होते.

प्रवेश मिळाला तरी मान मिळतोच असे नाही. १९६१ च्या ऑक्टोबरात केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहरी एका उपाहारगृहाने बोस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना खाद्यपदार्थ देण्याचे नाकारले. तेव्हा रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी तेथील प्रदर्शनीय सामना न खेळताच परत निघाले. त्या सायंकाळी त्यांच्या नावापुढे एकही गुण लागला नाही. १९६६ मध्ये रसेल या संघटनेतील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला आणि प्रशिक्षक व खेळाडू अशा दुहेरी भूमिकेत त्याने आणखी दोन अजिंक्यपदे पटकावली.

श्रोतेहो, काल्पनिक सामने आपण अवश्य खेळवावेत. त्यांच्या निमित्ताने जुन्या खेळाडूंची नावे नव्या पिढीच्या कानांवर पडतात. मात्र निकाल सांगणाऱ्याने नियम कोणाचे धरले, मोजले काय आणि न मोजता राहिले काय, हेही सांगावे. आणि १९५० पूर्वीच्या कोणत्याही महान खेळाडूची थोरवी गाताना, ज्यांना त्याच्यासमोर उभे राहण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्यासाठी त्या यादीत थोडी जागा मोकळी ठेवावी.