यंत्र आपले, हुकूम कोणाचा?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने संगणक चालविणाऱ्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. धडधाकट यंत्रे एका तारखेने कालबाह्य ठरली. यंत्र आपण विकत घ्यावे आणि त्याचे आयुष्य दुसऱ्याने ठरवावे, ही मालकी कसली?

जर्मनीतील म्युनिक शहराने हा प्रश्न पूर्वीच विचारला होता. २००३ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः तेथील सोशल डेमोक्रॅट महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटून गेले. तरीही नगरसभेने लिनक्स या मुक्त प्रणालीच्या बाजूने कौल दिला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक तिच्यावर आले. परवान्यांचा खर्च टळला, हे खरेच. परंतु मोठा लाभ निराळा आहे. मुक्त प्रणाली कोणालाही तपासता येते, दुरुस्त करता येते. तिचे स्थैर्य एका कंपनीच्या मर्जीवर टांगलेले नसते.

तथापि २०१७ साली, महापौर त्याच पक्षाचा असताना, नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. बाहेरून आलेले दस्तऐवज नीट उघडत नाहीत, अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. वरचा निर्णय खालच्या टेबलापर्यंत रुजला नाही, असे मला वाटते.

म्हणून आपल्या कार्यालयांत, पतसंस्थांत हा बदल करताना, रोज संगणकावर बसणाऱ्या सहकाऱ्याला आधी विश्वासात घ्या. त्याला शिकवा, त्याची अडचण ऐका. कपाटाआड पडलेल्या एका जुन्या यंत्रापासून आरंभ करा.