चित्रात बसणाऱ्याचा वाटा

चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी माणूस इंग्लंडमध्ये छायाचित्रण शिकून आला आणि नंतरची जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. १९८९मध्ये ते गेले. त्यांची प्रेमकथा, प्रेयसी येईल म्हणून पंजाब मेल गाडीची वाट बघणं हे सगळं आपल्याकडे चवीनं सांगतात, आणि त्या नादात त्यांची चित्रं बघायची राहून जातात. त्यांच्या गाजलेल्या छायाचित्रांपैकी एक आहे भिकाऱ्याचं, कांद्यासोबतचं. आणि घराचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’.

रेम्ब्रांट आणि भिकारी हे नातं जुनं आहे. १६३० साली, जेमतेम चोविशीत, या डच चित्रकारानं तांब्याच्या पत्र्यावर एक भिकारी कोरला. फाटके कपडे, पुढे केलेला हात, ओरडल्यासारखं उघडं तोंड. त्या भिकाऱ्याचा चेहरा मात्र रेम्ब्रांटचा स्वतःचा आहे! त्या काळी भिकारी हा चित्रात हसण्याचा, नाहीतर हळहळण्याचा विषय असे. इथे चित्रकारच त्या जागी जाऊन बसला.

आता रेम्ब्रांटचा उजेड समजून घेऊ. घरातल्या कुणाला तरी खिडकीशी तिरकं बसवा, बाकीचे दिवे बंद करा. एक गाल उजळेल आणि दुसऱ्या, सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटेल. चेहऱ्याचं सगळंच दिसत नाही, काही त्या माणसापाशीच राहतं. निराधार माणसाचं चित्र बघताना मी आधी हेच बघतो, की त्याच्यापाशी काही ठेवलंय, की सगळंच ओरबाडून घेतलंय?

दुसरी गोष्ट उंचीची. भुसावळ-जळगावच्या फलाटांवर घर सोडून आलेली पोरं दिसतात. त्यांचा फोटो आपण उभ्यानं, वरून काढतो. मग कपाळ मोठं दिसतं, डोळे वर वळतात आणि धीट पोरगंसुद्धा काहीतरी मागतंय असं वाटतं. हाच फोटो उकिडवं बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढा. ते सरळ तुमच्याकडे बघेल, कदाचित रागानं. दयेचा फोटो दाखवायला सोपा पडतो, रागाचा झेलायला जड जातो. वर्गणी गोळा करणाऱ्या पत्रकांवर म्हणूनच पहिला असतो.

जिम गोल्डबर्ग हा अमेरिकी छायाचित्रकार आणखी पुढे गेला. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर राहणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींबरोबर त्यानं कितीतरी वर्षं काम केलं. १९९५ साली त्याचं ‘रेज्ड बाय वुल्व्ह्ज’ हे पुस्तक आलं. त्यात फोटोंच्या जोडीला त्या मुलांच्या हातचं लिखाण आहे, चित्रं आहेत. वेडंवाकडं अक्षर, खोडाखोड, सगळं तसंच. छायाचित्रकारानं जे दाखवलं, त्यावर मुलगा स्वतः बोलतो, क्वचित त्याला खोटंही पाडतो. कुणाला हे गबाळं वाटेल. मला त्या खोडाखोडीतच व्यक्तिचित्र दिसतं.

आपल्याकडे असं करताना कायदा लक्षात ठेवावा लागतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो प्रसिद्ध करू देत नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काही कलावंतांना ही अडचण वाटते. पण चेहऱ्याशिवायही माणूस ओळखता येतो. त्याचे हात आहेत, उभं राहण्याची ढब आहे, आणि पोरानं स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र आहे.

सिनेमातलं आपलं उदाहरण म्हणजे मीरा नायर यांचा १९८८चा ‘सलाम बॉम्बे’. नाना पाटेकर त्यात आहेत, पण बघायचं ते पोरांकडे. ती खरोखर रस्त्यावरची होती. रंगकर्मी बॅरी जॉन यांनी कार्यशाळा घेऊन त्यांना तयार केलं. शेवटी त्यातला मुख्य पोरगा, कृष्णा, हातात भोवरा घेऊन एकटा बसतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. आपल्याला अवघडायला होतं, इतका वेळ. कृष्णा झालेल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या सिनेमातूनच ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला आणि तो आजही रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतो. शफीक मात्र पुढे बंगळुरूत ऑटोरिक्षा चालवू लागला. पडद्यावर त्याचा वाटा मोठा होता. पडद्याबाहेर तेवढा नव्हता, आणि चित्र कितीही चांगलं असलं तरी हा हिशेब मी सोडून देत नाही.