मेद कोठें सांचतो?



लठ्ठपणाचा विषय निघाला कीं आपण वजनकांट्याचा कौल अखेरचा मानतों. परंतु अंगांत मेद किती, याइतकाच तो कोठें, हाहि प्रश्न महत्त्वाचा आहे. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, किंवा अन्यत्र कोठेंहि, शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद प्रत्यक्ष दिसतो. टांचेखालील मेदाची घट्ट गादी शरीराचा भार झेलते. नेत्रगोलामागील मेद डोळ्यास आधार देतो. नितंब व मांड्या यांवर त्वचेखालीं मऊ थर असतो. तें शरीराचें कोठार. आणि पोटांत, आंतड्यांपुढें पडद्यासारखी लोंबणारी वपा असते; तींतहि मेद सांठतो.

मांडीवरील मेद अन्नाचा जादा अंश मुकाट्यानें सांभाळतो. उदरांतील मेद तसा स्वस्थ नसतो. तो लौकर विघटित होतो, आणि वपा व आंतडीं यांकडील रक्त प्रथम यकृताकडे जात असल्यानें सुटलेलीं मेदाम्लें तेथें पोंचतात. यकृतांत मेद सांचला म्हणजे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो व मधुमेहाचा संभव वाढतो. स्त्रियांचा मेद तारुण्यांत बहुधा मांड्यांवर राहतो. ऋतुनिवृत्तीनंतर तो पोटाकडे वळतो.

आपल्याकडे ही गोष्ट विशेष चिंतेची कां, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. २००४ सालीं त्यांनीं व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें काढलेला वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या अंगीं शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२! हा कल जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकें इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांहून वजनानें पुष्कळ हलकीं, स्नायूंनीं कृश. पण खांद्याच्या फऱ्याखालील मेद त्या मानानें टिकलेला आढळला.

तेव्हां “अंगानें काटकुळा, त्याला कसला मधुमेह?” ही घरोघरची समजूत सोडून द्यावी. शिवणाची फीत घ्यावी, श्वास सहज सोडावा, आणि शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटिमीटरांपर्यंत व स्त्रियांत ८० पर्यंत असावा. त्याहून अधिक भरल्यास, वजन बेताचें असलें तरी, रक्तांतील साखर तपासून घ्यावी. घरांत कोणास मधुमेह असेल तर ही तपासणी लांबणीवर टाकूं नये. पोटावरील मेद नियमित चालण्यानें व मिताहारानें उतरतो, एवढा दिलासा या विषयांत निश्चित आहे.